वाकळांच्या अंधारात जपानचा डोंगर

निघताना अहोंनी विचारलंच, "जपानचा सिनेमा दाखवायला खडकवासल्याच्या पलीकडे? का, जवळची शाळा फुल झालीय?" मी वही पिशवीत टाकली.

तीस वर्षं मी कंपनीत यंत्रांच्या जपानी पुस्तिकांची भाषांतरं केली. नट कुठे पिळायचा, तेल कधी घालायचं! निवृत्तीनंतर पहिल्यांदा हौसेनं काही केलं. जपानी खेड्यातल्या एका मुलीवरच्या सिनेमाचे संवाद वर्षभर खपून मराठीत आणले. तिला वाटतं, घरामागचा डोंगर रोज रात्री एक पाऊल जवळ येतो. आज धरणापलीकडच्या एका शाळेत सिनेमा लावून ते संवाद पोरांना वाचून दाखवायचे होते. पोरं कंटाळली, तर आपल्याला नटबोल्टच जमतात असं समजायचं, असं ठरवून मी वारज्याहून निघाले.

आधी उलट्या दिशेनं बुधवार पेठेत जाऊन प्रोजेक्टरची वायर घेतली.

"चालेल ना ही?"

"आमच्याकडे चालते. तुमच्याकडचं मी कसं सांगू?" दुकानदार म्हणाले.

बसमधून धरणाचं पाणी मागे पडलं आणि भातखाचरं सुरू झाली. लावणी नुकतीच झालेली, मागे हिरवागार डोंगर. वर्षभर टेबलावर ज्या खेड्याशी झटापट केली, ते तासाभराच्या अंतरावर होतं की!

शाळेत पोचले तर वर्गाच्या खिडक्यांना पडदेच नाहीत. भर दुपारी भिंतीवर काय दिसणार, कप्पाळ! शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला. पंधरा मिनिटांत चार-पाच आया घरच्या वाकळा (जाड गोधड्या) घेऊन आल्या आणि त्यांनी त्या खिडक्यांवर ठोकल्या. छान अंधार झाला.

सिनेमा सुरू झाला. मी बॅटरीच्या उजेडात वही वाचू लागले. पाचच मिनिटं झाली असतील, पुढे बसलेली चौथीतली सारिका मागे वळली.

"आज्जी, तुमी वाईच गप ऱ्हावा की. कळतंय आमाला."

बाईंनी डोळे वटारले. माझा चेहरा पडला. वर्षभराची मेहनत, आणि गप ऱ्हावा? खूप लागलं मला. बॅटरी विझवली, वही मिटली आणि मागे जाऊन बसले.

पडद्यावरची मुलगी चिखलानं माखून घरी आली. आई काहीतरी बोलली. माझ्या वहीत होतं, 'तुझे कपडे मळले आहेत.' अंधारातून एक पोरगं ओरडलं, "चिखलात लोळून आलीस व्हय? जेव आता तिकडंच!" सगळा वर्ग खिदळला. बापानं खाचराकडे हात केला, तर दुसरं पोरगं म्हणालं, "आटपा, आवण (भाताची रोपं) वाळंल!" मलाही हसू आवरेना. माझ्यापेक्षा फर्मास भाषांतर चाललं होतं.

शेवटी डोंगर बोलतो. त्याला ना तोंड, ना हात. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

सारिका पुन्हा वळली. "आज्जी, काय म्हनला त्यो?"

वहीतलं वाक्य आठवेना. आपसूक तोंडून निघालं, "अगं बाई, केवढी झालीस गं!"

मग सारिका म्हणाली, "म्हंजी डोंगर सरकलाच न्हवता. तीच वाढली!"

मला भरूनच आलं.

मग व्हरांड्यात पोरांबरोबर गरम खिचडी आणि कांदा खाल्ला, आणि परतीची बस धरली. तिथल्या पोरांना जपान समजावायला गेले होते. ते त्यांना माझ्याआधीच ठाऊक होतं. तरी मन इतकं हलकं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

दार उघडताच अहोंनी विचारलं, "मग? वाचलं का सगळं?"

"छे. एकच वाक्य सांगितलं."

"वर्षभर खपून एक वाक्य?"

"हो," मी चप्पल काढत म्हटलं, "पण ते त्यांनी मागून घेतलं."