लाल कांदा आणि चतुःसीमा

आई गेल्याचा निरोप रेवसच्या लाँचवरच्या खलाशानं आणला, आणि तोही आधी ‘ताई, माळ पोचली ना?’ असं विचारून. आदल्याच आठवड्यात आईनं त्याच्या हाती माझ्यासाठी पांढऱ्या कांद्याची माळ धाडली होती. महिनाभर माळ मुंबईच्या स्वयंपाकघरात तशीच टांगलेली होती... तोडवत नव्हती.

आई जन्मभर पांढरे कांदे विकत आली. ‘ह्यानं डोल्याला पानी येत न्हाय,’ असं गिऱ्हाइकांना शपथेवर सांगायची. बाजारातल्या लाल कांद्याला आमच्या घरात मज्जाव होता. तिचा धंद्याचा नियम एकच: लुटलं ते आपणच, असं गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे. त्या नियमाचा सगळ्यात मोठा फायदा मला झाला.

स्वातंत्र्याला वर्ष होत आलं होतं, मी सात वर्षांची होते. वडिलांनी मुंबईत दुसरं घर मांडलं होतं. काडीमोडीनंतर कोर्टानं माझ्यासाठी पोटगी बांधून दिली, ती एकदाही आली नाही. आईनं थकलेल्या पोटगीसाठी अर्ज केला, तसा उलट निरोप आला की पोरगी माझी आहे, मी घेऊन जाणार. तेव्हापासून आई शाळा सुटेपर्यंत शाळेच्या दारातच टोपली मांडून बसायची. ती घाबरली होती, हे मला तिच्या हाताच्या पकडीवरून कळायचं.

एके दिवशी वडील येणार असं कळलं, तशी आई मला घेऊन रेवसच्या धक्क्यावर गेली. ते उतरले आणि तिथेच बोलणी करायला लागले. ‘थकलेली पोटगी सोड, मी पोरीवरचा हक्क सोडतो.’

आईला नेमकं हेच हवं होतं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि घळाघळा रडायला लागली. ‘पोटगी सोडू? मंग पोरीला काय घालू खायाला?’

वडिलांना चेव आला. ‘आन् फुडचीबी मागायची न्हाय.’

आई उठली, चार पावलं गेली आणि परत फिरली. ‘बरं. पन कागद पायजे.’

धक्क्यापाशी कागद लिहिणारे एक अण्णा बसायचे. त्यांची हयात जमिनीचे कागद लिहिण्यात गेली होती, दुसरा मसुदा त्यांना ठाऊकच नव्हता. लाँच सुटायला आली होती. अण्णांनी झरझर लिहिलं, ‘सदर मुलगी, तिजवरील झाडझाडोरा, दगडधोंडे व निधिनिक्षेपासह...’ मग चष्म्यावरून बघत विचारलं, ‘चतुःसीमा?’

वडील गडबडले. आई नाही. ‘लिवा,’ ती म्हणाली. ‘उगवतीला मी, मावलतीला मी. वरल्या अंगाला मी, खालच्या अंगालाबी मीच.’

वडिलांनी न वाचता सही ठोकली आणि खुशीत लाँच गाठली. मला साधी हाकही मारली नाही. त्याचं तेव्हा वाईट वाटलं, अजूनही थोडं वाटतं.

लाँच लांब गेल्यावर आईनं पदर झटकला, तर त्यातून एक लाल कांदा घरंगळला. अर्धा चिरलेला. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

‘आये, आपल्याला लुटलं ना गं?’

‘व्हय,’ ती म्हणाली, ‘पार लुटलं.’ आणि एवढी घोडी झाले होते तरी मला घरापर्यंत कडेवर घेऊन चालली.

दिवसकार्य उरकल्यावर तो कागद तिच्या ट्रंकेत सापडला. माझे यजमान झाडझाडोऱ्यापर्यंत वाचून पोट धरून हसले, मीही हसले. चतुःसीमेशी आल्यावर मात्र त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला.

काल शेवटी माळेतला एक कांदा सोडवला आणि चिरायला बसले. आईची शपथ खोटी ठरली.