वस्तादांचा बोळा

बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात वस्तादांचं उभं आयुष्य गेलं, पण स्वतः ते कधी बोटीत बसले नव्हते. पोहता येत नव्हतं आणि तसं कबूल करायची तयारीही नव्हती. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "न्हावी स्वतःची हजामत स्वतः करतो का?" नदीच्या धक्क्याला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान. तिथे त्यांचे हात चालत, आणि हातांपेक्षा जीभ जास्त.

होडीवाली आपली मोटर तिथेच घेऊन आली. नवरा हाताने अधू झाल्यापासून ती स्वतः नाव चालवून माणसांना पैलतीरी सोडायची. बाईमाणसाच्या हातात इंजिन म्हणून लोक बिचकतच बसत, पण बसत. मोटर जुनी, तीन कार्बोरेटरची. बरेच दिवस पडून राहिल्याने आतलं पेट्रोल सुकून डिंकासारखं चिकटलं होतं आणि काही म्हणता काही हलत नव्हतं.

वस्तादांनी काम मन लावून केलं, हे कुणी नाकारणार नाही. गंजलेल्या नटांना तेल पाजलं, ते मुरू दिलं, मग हळूहळू तिन्ही कार्बोरेटर सोडवले. कार्बोरेटर निघाला की इंजिनाचं तोंड उघडं पडतं, त्यात एखादा नट पडला तर सत्यानाश. म्हणून वस्ताद तिथे चिंधीचा बोळा कोंबत. चिंध्या बायको जुन्या साड्या फाडून देई. बोळ्याचं शेपूट बाहेर लोंबलंच पाहिजे, म्हणजे विसरायला होत नाही, हा त्यांचाच दंडक. त्या दिवशी तिसऱ्या तोंडाला चिंधी आखूड पडली. बायकोला हाक मारायचा कंटाळा केला आणि तशीच आत दाबली.

बारीक भोकं तांब्याच्या तारेने मोकळी केली, हवा मारली, नवी पॅकिंगं घातली. सगळं परत बसवताना चहावाला गप्पांना येऊन टेकला होता. वस्ताद त्याला एका बुडालेल्या इंजिनाची गोष्ट रंगवून सांगत होते. पाण्याच्या पिंपात मोटर चालू केली तेव्हा ती जराशी अडखळली. "म्हातारी आहे, खोकणारच," असं म्हणून त्यांनी गोष्ट पुढे चालू ठेवली.

दुसऱ्याच दिवशी भर प्रवाहात मोटर बंद पडली. होडीवाली वल्ही मारत, भेदरलेली माणसं घेऊन कशीबशी धक्क्याला लागली. गर्दी जमली. सगळ्यांच्या नजरा वस्तादांकडे वळल्या, तशी जीभ सुटली. "मोटर मी टकाटक दिली होती. हिनेच पेट्रोलमध्ये पाणी जाऊ दिलं असणार. नाचता येईना, अंगण वाकडं!"

धक्का हसला. होडीवाली खाली बघून एवढंच म्हणाली, "उघडून तर बघा, वस्ताद."

गर्दी पांगल्यावर वस्तादांनी दुकानात मोटर उघडली. तिसरा कार्बोरेटर निघाला आणि आत निळ्यावर पिवळे ठिपके दिसले. चिमट्याने बोळा बाहेर काढला, तेवढ्यात बायको चिंध्यांचं गाठोडं घेऊन आली.

"अहो, ही माझी निळी ना?"

वस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकीपेक्षा ती म्हणच जास्त टोचत होती. सगळा धक्का कसा खदखदून हसला होता आणि आपल्यालाही किती बरं वाटलं होतं, ते आठवून त्यांना स्वतःची किळस आली. शेजारी स्टोव्ह पेटलेला होता. चिंधी त्यात टाकली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि बायको बोलली नसती. ती बोलली नसती हेही त्यांना सहन होईना.

त्यांनी आतल्या हवेच्या झडपांच्या पात्या तपासल्या, मोटर नीट जोडली, पिंपात लावून या वेळी तोंड मिटून ऐकली. मग चिंधी खिशात घालून होडीवालीच्या दारात गेले. नजर तिच्या पायांच्या वर जात नव्हती.

"ताई, चूक माझी होती. बोळा माझाच, आत राहिला होता."

तिने चिंधीकडे पाहिलं. "हे माझ्या दारात येऊन कशाला सांगता? मला बोललात ते तर धक्क्यावर."

सकाळी धक्क्यावर रांग होती, पण ती दुसऱ्या नावेला. होडीवाली मोटर लावून रिकाम्या नावेत बसली होती. वस्तादांनी चिंधी वर धरली. "इंजिनात हा बोळा मी विसरलो. हिचं पेट्रोल चांगलं होतं. खोटं मी बोललो."

कुणी खो-खो हसलं, कुणी "वस्ताद, आता साडीचं दुकान काढा" म्हणालं. रांग काही हलली नाही. इंजिनाचा भरवसा एकदा उडाला की नुसत्या बोलण्याने परत येत नाही, हे वस्तादांइतकं कुणाला ठाऊक?

ते पायरी उतरले आणि लटपटत तिच्या नावेत जाऊन बसले. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली. होडीवालीने दोरी ओढली, मोटर पहिल्या झटक्याला चालू झाली. नाव पैलतीरी जाऊन वळली. वस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

परत धक्क्याला लागल्यावर ते उतरू लागले, तेव्हा तिने रांगेकडे पाहिलं आणि म्हणाली, "उद्याही या. ती माणसं इकडे वळेपर्यंत रोज या."