ताईच्या भुवया

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. नाशिक रोडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर होतं. थ्रेडिंग, फेशियल, लग्नसराईत नवरीचा मेकअप, एवढंच चालायचं. मग मी मुंबईला जाऊन तीन दिवसांचा कोर्स केला. सुईने कातडीत रंग भरून कायमच्या भुवया काढायच्या. दोन दिवस आम्ही रबराच्या तुकड्यावर रेघा ओढल्या, तिसऱ्या दिवशी एका बाईच्या एकाच भुवईवर हात चालवला आणि मी प्रमाणपत्र आणि सुईचं मशीन घेऊन परत आले.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, सटाण्याला दिलेली. आदल्या वर्षी तिच्या छातीतली गाठ काढली होती. केमोनंतर डोक्यावरचे केस परत आले, भुवया आल्या नाहीत. पेन्सिलने काढलेली भुवई घामाने पुसली जायची, म्हणून तिने लग्नकार्यांना जाणं सोडलं होतं. मीच तिला म्हटलं, ये, मी करून देते.

ती आली. मी बधिर करायचं मलम लावलं आणि ती आडवी असतानाच आकार आखला. माणूस झोपलं की कपाळ मागे ओढलं जातं, म्हणून उठवून, बसवून बघायचं असतं. मी बघितलं नाही. केमोने तिची कातडी नाजूक झाली होती. डॉक्टरांना विचारून ये, असंही मी तिला सांगितलं नव्हतं. रंग धरत नाही असं वाटलं, म्हणून त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा गेले. रक्त येऊ लागलं तशी आणखी दाबून ओढत राहिले. दुखतंय का, असं विचारल्यावर ती म्हणाली, काहीच कळत नाही.

खपल्या पडल्या तेव्हा बरं दिसत होतं. चार महिन्यांत रेघा पसरून एकमेकींत मिसळल्या आणि त्यांचा निळसर राखाडी पट्टा झाला. डावी भुवई उजवीपेक्षा वर गेलेली. मी तिला पुन्हा बोलावलं आणि झाकायला वरून कातडीच्या रंगाची शाई भरली. दोन आठवड्यांनी तिथे पिवळट डाग दिसू लागले आणि खालून निळं तसंच.

शेवटी आम्ही त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं. म्हणाल्या, सुई फार खोल गेलीय, खोल गेलेला रंग असाच निळा दिसतो. झाकायला नको होतं. त्या फिक्या शाईवर लेझर मारला की ती आधी काळी पडते, मग हळूहळू जाते. आधी छोट्याशा जागी करून बघू.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या सटाण्यात एक बाई आहे," ताई म्हणाली.

"तिला सांगा, कुणाच्या चेहऱ्याला हात लावू नकोस म्हणावं."

ताईने मान हलवली. मी शेजारच्या खुर्चीत होते. भिंतीवरचा कोडाचा तक्ता पहिल्या ओळीपासून वाचत होते. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा काहीच वाटलं नाही.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, खोटं का सांगितलंस?

"खरं सांगून भुवया आल्या असत्या का?" ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

लेझर खरंच आधी काळं करून गेला. मग दर दोन महिन्यांनी ती एसटीने यायची. मी बसस्टँडवर घ्यायला जायचे, दवाखान्यात बाहेर बसायचे, जेवायला घालून परत बसमध्ये बसवून द्यायचे. वाटेत आम्ही तिच्या मुलांचं, कांद्याचं, आईच्या गुडघ्यांचं बोलायचो. दीड वर्षाने उजवीकडचं जवळजवळ गेलं. डावीकडे फिकट सावली राहिली. यापुढे कातडीला डाग पडेल, आता पुरे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

मी ते मशीन त्यानंतर वापरलं नाही. कुणी विचारलं तर आता करत नाही म्हणायचे, कारण सांगायचे नाही.

ताई पुन्हा पेन्सिल लावू लागली. नंतर नंतर कधी लावायची, कधी नाही, आणि तशीच लग्नांनाही जायची. माझ्याकडे आली की दोन-दोन दिवस राहते. केसांना तेल लावून घेते. चेहऱ्याला मात्र माझा हात लागू देत नाही, आणि मीही विचारत नाही.