दोन ऋतूंतली एकच शांतता

कुवेतमध्ये तोझ, म्हणजे धुळीचं ते पिवळट वादळ, उठलं की भरदुपारी दिवे लावावे लागतात आणि घरभर भाजलेल्या विटेचा वास कोंदून राहतो. सबाह अल-सालेममधल्या आमच्या फ्लॅटच्या खिडक्यांच्या फटींत ओले पंचे कोंबत मी ओरडत असते, "अहो, तो दुसरा पंचा द्या!" आणि आमचे हे, रिफायनरीत धडधडणाऱ्या कॉम्प्रेसरांच्या शेजारी बावीस वर्षं काढलेले इंजिनिअर, मोबाइलमधून क्षणभर मान वर करून म्हणतात, "हो, हो." पंचा काही येत नाही. या "हो, हो"नं माझा जीव नकोसा केला आहे.

म्हणून आल्प्समधल्या एका दरीत जायचं ठरलं, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं की जे घरात दहादा बोलूनही कुणी मनावर घेत नाही, ते तिथं एकदा नीट सांगून टाकायचं. मला कायमचं नाशिकला परतायचं होतं. तिथं माझी आई एकटी आहे, आणि इथं माझा धीर संपत आला आहे.

पहिल्यांदा गेलो ते जानेवारीत, उतारावरच्या एका घरात खोली घेऊन. निळसर उजेडात सगळी दरी गोठून स्तब्ध झाली होती आणि थंड हवेला ओल्या लाकडाचा मंद वास होता. बर्फातली पायवाट अरुंद, त्यामुळे हे पुढे आणि मी मागे. त्यांच्या पाठीकडे पाहत, महिनाभर घोकलेलं ते सगळं मी एका दमात बोलून टाकलं. हे चालतच राहिले. वळणावर थांबले, दरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "किती शांत आहे गं इथं!"

डोंबल शांत! त्या बर्फात उभी राहून मी आतून नुसती उकळत होते. नाही म्हणायचं तर तोंडानं म्हणावं ना माणसानं! पुढचे सहा महिने मी कामापुरतंच बोलले, आणि त्याचाही यांना पत्ता असल्याचं दिसलं नाही. उन्हाळ्यात पारा पन्नासाकडे सरकला तेव्हा यांनी आपण होऊन त्याच दरीत, त्याच घरात पुन्हा खोली घेतली. मला वाटलं, चला, उत्तर तिथं द्यायचं असेल.

जुलैतली दरी मात्र भलतीच बडबडी निघाली. कापलेल्या गवताचा गोड वास, उतारावर रानफुलांचे ताटवे, सगळं खरं. पण वितळलेल्या बर्फाचा ओढा घराखालून गर्जत होता, पहाटेपासून गाईंच्या गळ्यातल्या घंटा घणघणत होत्या, आणि रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी हे सज्जात खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "हिवाळ्यातल्यासारखंच आहे बघ. तीच शांतता."

थट्टा करताय का माझी, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि थबकले. एक गाय अगदी सज्जाखालून घंटा वाजवत गेली होती. यांची पापणीही हलली नव्हती.

मी त्यांच्या मागे जाऊन "अहो" म्हटलं. पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. मग लग्नातल्या उखाण्यानंतर कधीच न घेतलेलं त्यांचं नाव घेतलं, "प्रदीप!" ते तसेच बसून राहिले, चेहऱ्यावर ऊन घेत.

दवाखान्यात पेशंटच्या श्वासातली घरघर दारातून ओळखणारी मी नर्स, आणि घरात इतकी वर्षं नुसती चिडत राहिले. नाशिकचं मी त्यांच्या पाठीला सांगितलं होतं. ज्या नकारावर सहा महिने धुमसले, तो त्यांनी कधी दिलाच नव्हता.

मी वळसा घालून समोर गेले, माझे ओठ त्यांना दिसतील अशी बसले. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसले. आणि मला, इतकी वर्षं ओरडत आलेल्या बाईला, सुरुवात कुठून करायची ते सुचेना.