बुडाल्यावर शिंकणारा फितूर

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो बेळगावच्या एका टॉकीजमध्ये, पुढून दुसऱ्या रांगेत बसून. जहाज कुठल्यातरी हौदात सोडलेलं होतं, लाटांना साबणाचा फेस होता आणि कप्तानाची मिशी भिजून एका बाजूनं सुटली होती. तरी जहाज बुडताना मी रडलो. निपाणीच्या माणसाला तेवढा समुद्र पुष्कळ होता.

बाकीचा समुद्र वाचनालयाच्या मागच्या कपाटात होता. आरमाराच्या कादंबऱ्या मी तिथं उभ्याउभ्या संपवल्या. गलबतं, तोफा, फिरंगी कप्तान, पाण्याखाली बांधलेली गुप्त भिंत आणि तिच्यावर आपटून फुटणारी शत्रूची जहाजं. बुरुजाच्या पायात पुरलेली गर्भार बाई, जिचं रडणं अवसेच्या भरतीला ऐकू येतं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. भरती-ओहोटी म्हणजे नेमकं काय, हे मात्र एकाही पुस्तकानं नीट सांगितलं नव्हतं. मी आपला नळाच्या पाण्यावरून अंदाज बांधला होता. सकाळी एकदा येत असणार, संध्याकाळी एकदा.

त्या प्रत्येक पुस्तकात एक फितूर असायचा. तो ओहोटीला किल्ल्याचा पाण्याकडचा दरवाजा उघडून द्यायचा आणि शेवटी सापडायचा. सरखेल, म्हणजे आरमाराचा मुख्य, सगळ्या पुस्तकांत सारखाच. फितुराची शिक्षा मात्र दर पुस्तकात वेगळी. ती पानं मी दोनदा वाचत असे.

त्यामुळे गल्लीच्या गणपतीला यंदा समुद्र आणायचा असं ठरलं तेव्हा मंडळाचे अध्यक्ष थेट माझ्याकडं आले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. तंबाखूच्या वखारीत मुकादम होते, आणि मंडळही वखारीसारखंच चालवायचे.

"लेखक, जिवंत देखावा लिव्ह. खालच्या गल्लीवाल्यांनी गेल्या साली हत्ती आणलता. आपण दर्या आणू."

जिवंत देखावा म्हणजे खरी माणसं मांडवात उभी राहून सोंग करतात, बोलणं टेपवर वाजतं, आणि एक खेळ संपला की नव्या गर्दीसाठी तोच परत सुरू होतो. मी आठवडाभरात लिहून काढलं. निवेदन माझ्याच आवाजात टेप केलं. लढाई चार ओळींत उरकली आणि बाकी सगळा जीव फितुरावर खर्च केला. त्याचं तोंड काळं करायचं. हात बांधायचे. गुडघ्यावर बसवून सरखेलानं लाथ घालायची. मग पोत्यात घालून, पोत्याचं तोंड शिवून, बुरुजावरून समुद्रात लोटायचं. समुद्र म्हणजे निळ्या कापडाच्या लाटा आणि खाली वाळूच्या गोणी.

हे काम मी आमच्या शिंप्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. त्यानं माझं काही वाकडं केलं नव्हतं. तो तिरळा होता, एवढंच. त्याचा एक डोळा निपाणीवर आणि दुसरा संकेश्वरावर असतो, हा माझा विनोद गल्लीत कित्येक वर्षं चालला होता. आता त्याला रोज पोत्यात कोंबताना बघायचं, या कल्पनेनं लिहिताना मला हसू आवरत नव्हतं.

बैठकीत शिंपी कोपऱ्यात बसून सरखेलाच्या अंगरख्याला काठ लावत होता. पोशाख सगळे त्यानंच शिवले होते, फुकट.

"फितूर कोण?" अण्णांनी विचारलं.

मी शिंप्याकडं बोट केलं. पोरं हसली. शिंप्यानं दातानं दोरा तोडला.

"माझं काय न्हाय. पर बघणाऱ्याला पटाय पायजे. गल्लीत कानडीची परीक्षा कोण पास झालंय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सरकारी कचेरीत कारकून होतो, आणि कायम व्हायचं तर ती परीक्षा द्यावीच लागे. पण ते सीमावादाचे दिवस असे होते की आमच्या गल्लीत बसचा कानडी फलकसुद्धा माणसं तोंड फिरवून वाचायची.

"नोकरीसाठी दिली रं," मी म्हणालो. "पगाराचा प्रश्न होता."

"फितुरानं तरी काय फुकट दरवाजा उघडलता व्हय?" शिंपी म्हणाला.

हसून हसून अण्णांना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "ठरलं मग." नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर मांडवाबाहेरही फितूरच ठरलो असतो.

अडचण वेगळीच होती. त्याच परीक्षेमुळं नोकरी कायम झाली होती, आणि नोकरी कायम झाली म्हणून मामांनी बेळगावचं एक स्थळ आणलं होतं. मुलीच्या वडिलांचं किराण्याचं दुकान. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी तासभर समुद्रावर बोललो. यंदाच्या देखाव्यात सरखेल मीच आहे, असंही ठोकून दिलं. मुलीनं खाली मान घालून एकच प्रश्न विचारला.

"समुद्राचा आवाज रात्री बंद होतो काय ओ?"

"होतो की," मी म्हणालो.

ती ओठ दाबून हसली. तिची मावशी वेंगुर्ल्याला दिली होती आणि दर मे महिन्यात ही तिथं असायची, हे मामांनी मला परत येताना बसमध्ये सांगितलं. मी त्या हसण्यावर तिथंच भाळलो होतो. हीच मुलगी पाहिजे. तिचे वडील म्हणाले, "आमचं बहुतेक होयच. शुक्रवारी येतो, घर बघतो, तुमचं सरखेलाचं काम बघतो, आणि सुपारी फोडूया."

मी सरखेलाच्या हातापाया पडलो. तो आमच्या गल्लीतला गवळी, अंगानं पैलवान. शुक्रवारच्या शेवटच्या खेळापुरता अंगरखा द्यायला तो तयार झाला. पोत्यात कोण जाणार? शिंप्याला विचारलं. "जातो की, एक खेळ तर हाय," तो म्हणाला. त्याचा नेमका कुठला डोळा माझ्यावर होता ते कळलं नाही.

इकडं देखाव्याचं वेगळंच झालं होतं. पोतं अण्णांनी वखारीतून आणलेलं, तंबाखूचं. कितीही झाडलं तरी भुकटी राहिलेली. पहिल्या दिवशी मला बुरुजावरून लोटलं, मी गोणींवर आपटलो, टेपवर माझाच आवाज गंभीरपणे म्हणाला, "आणि फितुराला दर्यानं गिळलं." नेमक्या त्या शांततेत मी पोत्यात शिंकलो.

मग मागून एकजण ओरडला, "जित्ता हाय रं अजून."

पहिल्यांदा पोत्यावर शेंगांची टरफलं आली. मग मक्याची कणसं. दोन दिवसांत फितूर शिंकतो ही बातमी पंचक्रोशीत झाली. सदलग्याकडनं ट्रॉल्या भरून माणसं यायला लागली. लढाईकडं कुणी बघत नव्हतं. मी शिंकायची वाट बघत सगळे हातात काहीतरी धरून उभे असायचे. तंबाखूचा वास, वरनं माझाच आवाज आणि बाहेरनं दणके. अण्णा खूश होते. "खालची गल्ली बसली," म्हणायचे. मी पोतं बदला म्हणालो तर म्हणाले, "भुकटी कमी पडल्या का? आणखी घालाय सांगू?"

शुक्रवारी पाहुणे रात्रीच्या गाडीनं यायचे होते. संध्याकाळच्या एका खेळात मी पडलो, शिंकलो, आणि पोत्याच्या तोंडाशी शिवण उसवली होती तिथनं काहीतरी आत येऊन माझ्या डाव्या कानावर असं बसलं की डोळ्यांपुढं काजवे नाचले. बाहेरून आवाज आला, "मर की रे एकदाचा."

खेळ संपल्यावर तोंड धुवायला घरी पळालो. परसातनं आत शिरलो, काजळी घासून काढली, धुतला सदरा घातला. सोप्यात बोलणं चाललं होतं. पाहुणे आधीच्या गाडीनं आले होते. मुलीचे वडील पलंगावर बसले होते. एका पायात कोल्हापुरी चप्पल, दुसरा पाय उघडा.

"या या, सरखेल," ते म्हणाले. "स्टँडवरनं येताना तुमचा खेळ बघूनच आलो. तुमचं काम लई भारी. लाथ काय घातलासा."

लांबून अंगरखा आणि पागोटं तेवढं त्यांना दिसलं होतं. मी मान हलवली. आई चहा घेऊन आली आणि माझ्या कानाकडं बघत उभीच राहिली.

"त्या फितुराला मात्र मी सोडलो नाही," ते मामांना सांगू लागले. "मेला म्हटल्यावर शिंकतो काय ओ? चप्पल काढलो आणि मारलो की एक. बरोबर लागलं. आता ते चप्पल तुमच्या समुद्रात गेलं." ते पोट धरून हसले. मामा हसले. मीही हसलो. हसताना कान ठणकत होता आणि नाकात भुकटी चढत होती. मी श्वास धरून बसलो.

"कोण आहे तो मनुष्य?"

"आहे एक," मी म्हणालो. "तिरळा आहे. शिंपी."

दारात शिंपी उभा होता. पुढच्या खेळाला मला बोलवायला आला होता. त्याच्या हातात चप्पल होती.

"चल की, माणसं थांबल्यात," तो म्हणाला. "आणि ही तुझ्या पोत्यात घावली. तुझी हाय का बघ."

मी तोंड उघडलं, काहीतरी सुचलं असतंही, पण त्याच वेळी शिंक आली. एक नव्हे, लागोपाठ. मुलीचे वडील पहिल्या शिंकेला माझ्या नाकाकडं बघत होते, शेवटच्या शिंकेला कानाकडं. कानावर चपलेच्या नक्षीचा वळ उठला होता म्हणे. त्यांनी शिंप्याच्या हातातून चप्पल घेतली. पायात घातली नाही. हातात धरूनच ते निघाले, आणि उंबऱ्याशी वळून मला नमस्कार केला.

दोन दिवसांनी, विसर्जनाच्या सकाळी, मामा बेळगावहून निरोप घेऊन आले. खोटं बोललो याचा मुलीच्या वडिलांना राग नव्हता. लग्नात थोडं इकडंतिकडं बोलावंच लागतं, असं ते म्हणाले. मुलीनंही एवढंच विचारलं होतं की कान बरा आहे का.

"मग?"

"मांडवात जावयाचे पाय धुवायचे असतात," मामा म्हणाले. "देव समजून धुवायचे. ते म्हणतात, ज्याच्या तोंडावर चप्पल मारलो, भर बाजारात, त्याचे पाय कुठल्या हातानं धुऊ? हसू येईल म्हणतात. आणि हसलो तर पोरीला पाप."

आईनं मामांना वाढलं.

संध्याकाळी मिरवणुकीआधी शेवटचा खेळ होता. मी अण्णांना म्हणालो, आज मी पोत्यात जाणार नाही. "गावं लोटल्यात बाहेर," अण्णा म्हणाले. "तुझं लगीन मोडलंय, देखावा न्हाय मोडलेला." बरोबरच होतं. मी हात बांधून घेतले, तोंड काळं करून घेतलं. पोत्याचं तोंड शिंप्यानं शिवलं, या वेळी पक्कं.

"लई घट्ट झालं काय रं?" त्यानं बाहेरून विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो.

मला लोटलं. मी पडलो. वरून माझा आवाज म्हणाला की दर्यानं गिळलं. मग सगळा मांडव हात उगारून थांबला. मीही थांबलो. त्या दिवशी शिंक आलीच नाही. मुद्दाम नाकानं भुकटी ओढली, तरी नाही.

बराच वेळ गेला. मग पोत्याजवळच एकजण नाराजीनं म्हणाला, "आज खरंच मेला वाटतं." हातातलं कणीस तो तिथंच खायला लागला, आणि गर्दी खालच्या गल्लीचा देखावा बघायला निघून गेली.