बुजवलेलं धुराडं

माझा स्वभाव आधीच तापट, त्यात मी बाळंतीण. जव्हारचं संस्थान विलीन झालं तशी दरबारच्या कारकुनांची पांगापांग झाली आणि आमच्या यांच्या वाट्याला मोखाड्याची कचेरी आली. भाड्याचं घर कुडाचं, वर कौलं. मुलगी दोन महिन्यांची झाली ती ऐन श्रावणात. पंधरा दिवस उन्हाचं नाव नाही. लंगोट, दुपटी वाळता वाळेनात, घरभर कुबट वास.

कामाला जवळच्या पोशेरा गावची एक बाई यायची, माझ्या आईच्या वयाची. तिनं तोड काढली. मधल्या खोलीत पेटती शेगडी, तिच्यावर बांबूचं डालगं पालथं आणि डालग्यावर कपडे. तासाभरात कडकडीत वाळत. पण तिचे सोपस्कार फार! जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचे तंतू डालग्याला आतून चिकटायचे, काजळीत माखायचे. ती रोज ते झाडायची. मग काठीला फडकं बांधून कौलातलं धुराडंही पुसायची.

त्याच धुराड्यातून पाणी ठिबकायचं, नेमकं वाळत आलेल्या दुपट्यावर. एके दिवशी माझं डोकं फिरलं. स्टुलावर चढून मी तिथे गोणपाट कोंबलं.

"बाय, बुजवू नको गं. धूर कठं जायचा?"

"तुझं शहाणपण पुरे. आणि ते डालगं झाडत बसू नकोस, भांडी पडलीत."

ती भांडी घासायला गेली. कपडे आता आणखी लवकर वाळू लागले. मला कोण आनंद! डालग्याला हात लावला की चटका बसे, दुपट्यांवर पिवळे डाग पडत, संध्याकाळी माझं डोकं ठणके. सर्दी समजून मी सुंठ उगाळून लावी. मुलगी मात्र गाढ झोपायची. ऊब मिळावी म्हणून पाळणा मी शेगडीजवळच बांधला होता. पोर किती गुणी आहे, असं शेजारणीला मिरवून सांगितलंसुद्धा.

चौथ्या दुपारी मी ओटीवर तांदूळ निवडत होते. झड आत येऊ नये म्हणून दार लोटून घेतलं होतं. बाई पाण्याचा हंडा घेऊन आली, माझ्यामागे दाराच्या फटीतून धूर येताना बघून थबकली आणि दाराकडे धावली. दार उघडताच काळा धूर अंगावर आला. डालग्याखालचे तंतू पेटले होते, दुपटी धुमसत होती. अगं आई गं, माझा पाय म्हणून उचलेना! तीच आत घुसली, हंडा डालग्यावर ओतला आणि पाळण्यात हात घातला.

पोर बाहेर आली ती निळसर, मान टाकलेली. बाईनं तिला भर पावसात अंगणात नेलं, पालथी धरली, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. मी नुसती "रड गं बाई, रड" म्हणत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग पोर खोकली आणि रडली.

मी हात पुढे केले. बाईनं पोर दिली नाही. छातीशी घट्ट धरून माझ्याकडे बघत राहिली. मालकीण मी, आई मी, पण "दे" म्हणायची माझी हिंमत होईना. तिनं आपणहून द्यावी म्हणून मी तशीच पावसात उभी राहिले.