नववी जागा

सौदीतल्या अल-खोबरच्या भारतीय शाळेत मी मुलींना खो-खो शिकवते, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. बाहेर भाजून निघायला होतं म्हणून आम्ही हॉलमध्ये मॅटवर खेळतो. खांब म्हणजे नवऱ्याने साइटवरच्या वेल्डरकडून करून घेतलेले दोन पाइप, वर फोम गुंडाळलेला. मी स्वतः सांगलीकडच्या शाळेत मातीवर गुडघे फोडून घेतलेली, त्यामुळे हा फोम मला लाडच वाटतो.

मागच्या वर्षापर्यंत माझ्याकडे चौदा मुली होत्या. मग शाळेपासून दहा मिनिटांवर मुलींची फुटबॉल अकॅडमी निघाली. शाळा सुटली की तिची व्हॅन गेटशी येऊन उभी राहायची, आणि नेमकी तीच माझ्या सरावाची वेळ.

यात अर्धी चूक माझीच. अकॅडमीची कोच, पंचविशीतली सौदी मुलगी, मुली निवडायला शाळेत आली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं. पाहुणी आली की आपण घरातलं उत्तम ते पुढे ठेवतो. मला वाटलं, हिला एकदा खरा खेळ दाखवावा, फुटबॉल विसरून जाईल. मी मुलींना अख्खा डाव खेळायला लावला. हुलकावण्या झाल्या, खांब धरून गिरक्या झाल्या, शेवटी माझ्या लेकीने असा सूर मारला की मीच ओरडले. कोच टाळ्या वाजवत होती आणि मधूनमधून वहीत काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, नियम टिपून घेतेय. जाताना तिने सहा मुलींच्या हातात फॉर्म दिले. "शुक्रन, टीचर," ती मला म्हणाली, "या मुली किती पटकन वळतात!" आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला मी.

सहातल्या पाच जणी आठवड्याभरात गेल्या. सहावी माझी लेक, नववीत शिकणारी. तिने घरी फॉर्मचं नावसुद्धा काढलं नाही. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. आता उरल्या नऊ. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "नऊ आहेत तोवर आंतरशालेय स्पर्धेला नाव पाठवते. आठ झाल्या तर हॉल बॅडमिंटनला द्यावा लागेल. राग मानू नका, मॅडम." मी राग मानला.

मग एका संध्याकाळी लेकीच्या इकाम्याची, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याची, झेरॉक्स शोधताना तिच्या दप्तरात तो फॉर्म सापडला. पूर्ण भरलेला. नाव, रक्तगट, इकाम्याचा नंबर, सगळं सुवाच्य अक्षरात. फक्त पालकाच्या सहीची जागा रिकामी होती. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

"हे काय गं?"

"कुछ नहीं." अडचण आली की ही हिंदीत शिरते.

"मग भरलास कशाला?"

"असंच. भरून बघितला. आय नो ना आई, मी गेले तर तुझी टीम संपेल."

'तुझी टीम' ऐकून मला लागलं. इतकी वर्षं मी 'आपली टीम' म्हणत आले होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि चिडून पोळ्या लाटायला लागले. दोन करपल्या. जिल्ह्याच्या शिबिराचा माझा फॉर्म आठवला. वडिलांनी सही केली नव्हती. कारण काय तर बारावी. मी तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते, आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांना बोल लावला होता. आता मी काय वेगळं करत होते? त्यांचं कारण बारावी होतं, माझं कारण खो-खो.

पिठाचे हात धुतले आणि सही केली. लेकीने फॉर्म जपून फाइलमध्ये ठेवला. मला रडू आलं ते तिने बघितलं.

पुढच्या सरावाला आठ मुली आल्या. बाईंना मी गुरुवारी सांगणार होते, म्हणजे तीन दिवस हॉल अजून माझा होता. पळायला पाचवीतल्या तीन मुली येतात. पाठलागाला मात्र नऊ जणी लागतात, आठ चौकोनांत बसलेल्या आणि एक त्या पाचवीच्या मुलींमागे धावणारी. एक चौकोन रिकामा राहिला. मी सलवार सावरून त्यात बसले. गुडघे कडकड वाजले, मुली खिदळल्या.

डाव सुरू झाला, आणि मला कुणी खो देईना. मॅडमच्या पाठीवर थाप कोण मारणार? धावणारी मुलगी माझ्यापाशी यायची, बिचकायची आणि पुढच्या मुलीला खो द्यायची. दोन फेऱ्या मी नुसतीच बसून राहिले. ओरडले, तरी उपयोग नाही.

तेवढ्यात माझ्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध सणसणीत थाप बसली.

"खो! ऊठ ना, आई!"

व्हॅनची वाट बघत दाराशी उभी असलेली माझी लेक बूट काढून, फुटबॉलच्या मोज्यांवर मॅटवर आली होती. शाळेत ती मला मॅडमच म्हणते. मी उठले आणि धावले, कशी ते विचारू नका. आणि खो देणारीने त्या जागी बसायचं असतं, म्हणून ती माझ्या चौकोनात बसली. गेटशी व्हॅनचा हॉर्न दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उठली.